बेरियमचा पेला

वांद्र्यात हिल रोडवरून किंवा टर्नर रोडवरून चालताना डायग्नोस्टिक सेंटरची पाटी चुकवणं अवघड आहे. आत दरपत्रकावर सोनोग्राफी, सीटी, एमआरआय ठळक असतात. काही ठिकाणी पार तळाशी, कुणी खोडली नाही म्हणून राहिलेली, आणखी एक ओळ सापडते: बेरियम मील फॉलो थ्रू. पन्नाशी ओलांडलेल्या आणि पोटाने कधीतरी छळलेल्या माणसाला ती तपासणी बरोबर आठवत असते. रात्रीपासून उपाशी. सकाळी गार खोलीत आधी एक साधा एक्स-रे. मग हातात दाट पांढऱ्या द्रवाचा पेला. त्यात स्ट्रॉबेरीचा वास घातलेला असला, तरी जिभेवर येतो तो फळ्यावरचा खडू. "काका, थांबू नका, सगळं संपवा." पंधरा मिनिटांनी फिल्म, अर्ध्या तासाने फिल्म, मग तासातासाने. मधल्या वेळात "जरा फिरून या", नाहीतर "आंटी, उजव्या कुशीवर पडून राहा". ते पांढरं पाणी लहान आतड्याच्या टोकाला पोचायला कुणाला दोन तास लागतात, कुणाला पाच. शेवटी रेडिऑलॉजिस्ट येतो, बेंबीच्या खाली उजवीकडे दाबून वेटोळी सुटी करतो आणि "श्वास रोखा... सोडा" म्हणत जवळून दोन-चार स्पॉट फिल्म घेतो. निघताना सूचना मिळते: पाणी भरपूर प्या, दोन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरू नका.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आतडं स्वतःहून दिसत नाही. हाडात कॅल्शियम असतं, ते क्ष-किरण अडवतं, म्हणून हाडाची सावली पडते. आतडं, त्याच्या शेजारचे स्नायू, आतलं पाणी या सगळ्यांतून किरण जवळजवळ सारखेच आरपार जातात. तेव्हा आतड्याचं चित्र हवं असेल तर किरण अडवणारं काहीतरी आत भरायचं आणि त्या भरलेल्याची सावली घ्यायची. म्हणजे फिल्मवर दिसतं ते आतडं नव्हेच. आतड्याच्या पोकळीत शिरलेल्या बेरियमचा तो आकार. भिंत रोगट आहे की निरोगी, हे त्या आकाराच्या कडेवरून ताडायचं. शंभरेक वर्षं जगभरच्या डॉक्टरांनी पोटाचे आजार असे ताडून ओळखले.

या पेल्याचं घराणं चारशे वर्षांमागे जातं आणि त्याची सुरुवात दवाखान्यात झालेली नाही. इटलीतल्या बोलोन्या शहरात विन्चेन्झो काशारोलो नावाचा जोडे शिवणारा माणूस फावल्या वेळात किमयेचा नाद करायचा. १६०२-०३च्या सुमारास त्याला जवळच्या डोंगरात एक विलक्षण जड दगड मिळाला. सोनं निघेल या आशेने त्याने तो कोळशावर भाजला. सोनं निघालं नाही, पण भाजलेला दगड उन्हात ठेवून अंधारात नेला की चमकायचा. त्या काळच्या पंडितांनी या 'बोलोन्या दगडा'वर ग्रंथ लिहिले. तो दगड म्हणजे बराइट, अर्थात बेरियम सल्फेट. भाजल्यावर त्याचं बेरियम सल्फाइड व्हायचं आणि ते चमकायचं. कच्चा दगड पोटात गेला तरी बाधत नाही आणि भाजलेला विषारी, हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार होता. १७७४मध्ये शील या स्वीडिश रसायनज्ञाने या दगडात नवं द्रव्य असल्याचं ओळखलं, १८०८मध्ये हंफ्री डेव्हीने तो धातू वेगळा काढला. दवाखान्याशी त्याचा अजून काही संबंध नव्हता.

संबंध आला ८ नोव्हेंबर १८९५ला, आणि तोही भलत्याच वाटेने. व्युर्ट्सबुर्गमध्ये भौतिकशास्त्रज्ञ राँटगेन काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळीतून वीज सोडत होते आणि थोड्या अंतरावरचा एक पडदा उजळला. त्या पडद्याला बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप होता. क्ष-किरण माणसाला पहिल्यांदा दिसले ते बेरियमवर. किरण झेलून उजळायचं काम त्या दिवशी त्याने केलं. पंधरा वर्षांनी तेच बेरियम रोग्याच्या पोटात शिरून किरण अडवायच्या कामाला लागलं. एकाच मूलद्रव्याने पडद्याच्या बाजूने आणि रोग्याच्या बाजूनेही चाकरी करावी, असं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

राँटगेनच्या शोधाची बातमी जगभर फिरली ते १८९६ साल मुंबईला वेगळ्याच कारणाने लक्षात राहिलं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सुरू झाला. वांद्र्यात रानवार, चिंबई आणि आसपासच्या गावठाणांत रस्त्याकडेला आज जे क्रूस दिसतात, त्यांतले अनेक त्या साथीत उभारलेले आहेत. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ला भायखळ्यात ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी जर्मन प्लेग आयोगाचं काम करायला रॉबर्ट कॉख मुंबईत आले. क्षयाचा जंतू १८८२मध्ये शोधून काढला तो याच माणसाने. ते आले प्लेगसाठी. पण त्यांनी शोधलेला जंतू पुढची शंभर-सव्वाशे वर्षं मुंबईकरांच्या आतड्यांत ठाण मांडून बसणार होता आणि इथल्या क्ष-किरण विभागांना सगळ्यात जास्त कोड्यात टाकणार होता.

तिकडे बॉस्टनला १८९६च्या अखेरीस वॉल्टर कॅनन हा हार्वर्डचा विद्यार्थी या नव्या किरणांखाली प्राण्यांना खायला घालत होता. लांब मानेचा हंस त्याला सोयीचा वाटला, कारण घास खाली जाताना बराच वेळ दिसतो. मग मांजरं आली. अन्नात बिस्मथचा एक क्षार कालवायचा आणि पडद्यावर जठराच्या लाटा मोजत बसायचं. मांजर चिडलं, बिथरलं की लाटा थांबतात, हे त्याला इथेच दिसलं. ताणतणावाने पोट बिघडतं हे आजीबाईंना माहीत होतं. शरीरशास्त्राला ते या सावल्यांनी शिकवलं. कॅननने किरणांपासून स्वतःला फारसं जपलं नाही आणि त्याची किंमत त्याच्या कातडीला उतारवयात मोजावी लागली.

१९०४मध्ये म्युनिकच्या हेर्मान रीडर यांनी माणसांसाठी पेजेत बिस्मथ कालवून द्यायला सुरुवात केली. चित्रं छान आली, पण काही रोगी दगावले. बिस्मथ सबनायट्रेटमधल्या नायट्रेटचं आतड्यातले जंतू नायट्राइट करतात आणि ते रक्ताला बाधतं. शिवाय बिस्मथ महाग. १९१०मध्ये जर्मनीत बाखेम आणि ग्युंथर यांनी पर्याय सुचवला: बेरियम सल्फेट. स्वस्त, जड आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. विरघळत नाही म्हणून शरीरात शोषलं जात नाही, जसं गेलं तसं बाहेर पडतं. बेरियमचे विरघळणारे क्षार मात्र जहाल विष आहेत. बेरियम कार्बोनेट तर उंदीर मारायला वापरत, आणि ते पाण्यात विरघळत नसलं तरी जठरातल्या आम्लात विरघळतं. त्यामुळे चिठ्ठीवर नुसतं 'बेरियम' लिहायचं नाही, 'सल्फेट' पूर्ण लिहायचं, हा दंडक. तो मोडला तर काय होतं हे ब्राझीलने २००३मध्ये पाहिलं. तिथल्या एका कंपनीच्या बेरियममध्ये कार्बोनेट राहून गेलं आणि तपासणीला आलेले वीसहून अधिक लोक मेले.

बेरियमचा पेला दवाखान्यांत रुळत होता तेव्हा वांद्रे मुंबईत नव्हतं. त्याची स्वतंत्र नगरपालिका होती, ती १९५०मध्ये मुंबईत विलीन झाली. मोठ्या आजाराला माहीमची खाडी ओलांडून शहरात जायचं. यात एक गंमत आहे. ती खाडी ओलांडणारा माहीमचा कॉजवे जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून झाला आणि १८४५मध्ये खुला झाला. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय जमशेटजींच्या देणगीतून, तेही १८४५मध्ये. वांद्र्याचा रोगी बायकोच्या रस्त्याने निघून नवऱ्याच्या दवाखान्यात पोचायचा. १९२६पासून परळचं केईएम झालं आणि अंतर निम्म्यावर आलं. भाभा, होली फॅमिली ही वांद्र्याची आपली रुग्णालयं नंतरची, आणि रेक्लमेशनवरचं लीलावती तर १९९७चं. तोवर बेरियमचा उतार सुरू झाला होता.

जुन्या काळी बेरियमच्या तपासणीचं काम अंधारात चालायचं. चमकणारा पडदा इतका मंद असायचा की रेडिऑलॉजिस्टला आधी वीस-तीस मिनिटं डोळे अंधाराला सरावून घ्यावे लागत. १९१६पासून त्यासाठी लाल काचांचे चष्मे निघाले. ते घालून उजेडात वावरलं तरी डोळे तयार राहत. प्रतिमा उजळ करणारी यंत्रं १९५०च्या दशकात रुळली आणि मग दिवे लावून काम करता येऊ लागलं. या अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्यांनी जे पाहिलं त्यातली एक गोष्ट आपल्याकडच्या डॉक्टरांच्या खास ओळखीची. लहान मुलाच्या आतड्यात जंत असला तर पांढऱ्या बेरियममध्ये त्याची लांब काळपट रेघ दिसते. जंताने स्वतःही बेरियम गिळलेलं असेल, तर त्या रेघेच्या मधोमध एक बारीक पांढरा दोरा दिसतो. ते जंताचं आतडं! एका तपासणीत दोघांचं फॉलो थ्रू.

पण रेडिऑलॉजिस्टची नजर खरी खिळायची ती उजव्या खालच्या कोपऱ्यावर. तिथे लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं. डॉक्टरमंडळी त्याला 'आयसी जंक्शन' म्हणतात. अन्न इथे रेंगाळतं, आणि जंतूंना पकडणाऱ्या ग्रंथींचे पुंजके इथेच दाट असतात. गिळलेल्या थुंकीबरोबर आलेला क्षयाचा जंतू नेमका या ठिकाणी मुक्काम करतो. आपल्याकडे दूध उकळून पिण्याची रीत, त्यामुळे गायीच्या दुधातून येणारा क्षय इथे फारसा नाही. आतड्याचा टीबी होतो तो माणसाच्याच जंतूने. १९११मध्ये श्टिअर्लिन यांनी त्याची बेरियमवरची खूण सांगितली. सुजलेला भाग बेरियम थारू देत नाही, लगेच पुढे ढकलतो. त्यामुळे अलीकडे पांढरं, पलीकडे पांढरं आणि मधला कोपरा रिकामा. आजार जुना झाला की मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी आकसून वर ओढली जाते आणि लहान आतडं सरळ वरच्या नळीत घुसल्यासारखं दिसतं. 'पोटात गोळा फिरतो, मग गुडगुड होऊन सुटतो' असं रोगी सांगायचा, फिल्मवर हा आकसलेला कोपरा दिसायचा आणि एकेटी सुरू व्हायचं. टीबीच्या औषधांना मुंबईत रोगीसुद्धा एकेटीच म्हणतात.

एवढं सोपं असतं तर हा मागोवा इथेच संपला असता. १९३२मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी चौदा रोग्यांची हकिगत छापली. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात व्रण, सूज, अरुंद झालेली नळी. अगदी क्षयासारखं, पण क्षयाचा जंतू मिळत नाही. ग्लासगोच्या डॅल्झिल यांनी १९१३मध्येच असे रोगी नोंदले होते, पण नाव लागलं क्रोनचं, कारण इंग्रजी वर्णक्रमात त्याचं आडनाव पहिलं येत होतं. दोन वर्षांनी कँटर यांनी बेरियमच्या फिल्मवरची 'दोऱ्याची खूण' सांगितली: अरुंद आतड्यातून बेरियमची सुतासारखी रेघ तेवढी जाते. आता त्याच कोपऱ्यात दोन आजार आले आणि दोघांच्या सावल्या एकमेकांत मिसळणाऱ्या. टीबीतही नळी दोऱ्यासारखी होते, क्रोन्समध्येही कोपरा आकसतो.

आपल्याकडे बराच काळ यावर एक ऐसपैस तोडगा होता: क्रोन्स हा गोऱ्यांचा आजार, इथे दिसेल तो टीबी. दिल्लीच्या एम्समधले टंडन आणि प्रकाश यांनी १९७२मध्ये कापून काढलेल्या आतड्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दोन्ही आजारांतले फरक तपशिलाने मांडले. तेव्हापासून हा प्रश्न भारतीय पोटविकारतज्ज्ञांनी सोडलेला नाही. आणि प्रश्न पुस्तकी नाही. क्रोन्सला स्टिरॉइड देतात. टीबीच्या रोग्याला नुसतं स्टिरॉइड दिलं तर टीबी भडकतो. उलट क्रोन्सच्या रोग्याला महिनोन् महिने एकेटी दिलं तर त्याचं यकृत पणाला लागतं आणि आतडं तोवर अधिकच अरुंद होतं.

सावली कमी पडते म्हटल्यावर आत डोकावणं आलं. त्याची एक वाट पंजाबातल्या मोग्याच्या माणसाने मोकळी केली. नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४मध्ये काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेता येतं हे दाखवलं. १९५७मध्ये हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत तशी लवचीक दुर्बीण जठरात घातली आणि १९६०चं दशक संपताना शिन्या आणि वुल्फ मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून गाठी काढू लागले. 'दुर्बीण टाकून बघू' हे वाक्य मराठी घरांत शिरलं ते या वाटेने. दुर्बीण आयसी जंक्शनपर्यंत पोचते, व्रण डोळ्यांनी दाखवते आणि चिमटीत धरून तुकडाही आणते. गुदद्वारातून बेरियम भरून मोठं आतडं पाहायची तपासणी, म्हणजे बेरियम एनिमा, यापुढे टिकणं शक्य नव्हतं. हवा आणि बेरियम एकत्र भरून बारीक गाठी दाखवण्याची फिशर यांची १९२३ची युक्ती आणि तिला स्वीडनमध्ये माल्मोच्या वेलिन यांनी आणलेली नजाकत, दोन्ही हळूहळू पुस्तकात गेल्या. लहान आतड्याचं बेरियम मात्र तगून राहिलं, कारण सहा मीटर वेटोळ्यांत दुर्बीण जात नव्हती.

त्याला धक्का दिला सीटीने. रेकॉर्ड विकणाऱ्या ईएमआय कंपनीतले हाउन्सफील्ड यांनी १ ऑक्टोबर १९७१ला लंडनमध्ये पहिल्या रोग्याचा मेंदू पाहिला. पोटाची पाळी थोडी उशिराने आली. सुरुवातीला सीटीच्या आधीही पांढरं दिसणारं काहीतरी पाजत. मग कुणीतरी उलटा विचार केला, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत हुशार चाल हीच. पोकळी पांढरी कशाला करायची? ती पाण्यासारखी काळपट राहू द्या, नुसती फुगवा, आणि शिरेतून आयोडीनचं औषध सोडा. मग रक्त खेळणारी भिंत उजळते. आता आपल्याकडे सीटी एंटेरोग्राफीला बेरियमऐवजी मॅनिटॉलचं गोडसर पाणी देतात, तासाभरात सव्वा-दीड लिटर. पेला कायम राहिला, रोग्याचं तोंड वाकडं होणंही कायम राहिलं, फक्त आतला पदार्थ दिसणारा होता तो न दिसणारा झाला. शंभर वर्षं पोकळीची सावली पाहिली, आता भिंत दिसते, भिंतीबाहेरची चरबी आणि गाठीही दिसतात. मध्यभागी सडलेल्या गाठी टीबीकडे बोट दाखवतात. आतड्याभोवती वाढलेली चरबी आणि कंगव्याच्या दातांसारख्या ताणलेल्या रक्तवाहिन्या क्रोन्सकडे. किंमत किरणांची: पोटाच्या एका सीटीला साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळतात तेवढे. विशीतल्या क्रोन्सच्या रोग्याला दर वर्षी हे करणं शहाणपणाचं नाही. त्याच्यासाठी एमआर एंटेरोग्राफी, ज्यात किरण नाहीत, पण यंत्रात पाऊण तास पडावं लागतं आणि खिसाही बराच हलका होतो.

सोनोग्राफीत ना किरण, ना पेला. तरी आतड्यासाठी ती बिनकामाची मानली जायची, कारण ध्वनिलहरी हवेपाशी अडतात आणि आतड्यात हवा भरलेली. हॉलंडचे पुयलार्ट यांनी १९८६मध्ये दाखवलं की प्रोब हळूहळू दाबत नेलं तर हवा बाजूला सरते आणि सुजलेलं अपेंडिक्स स्वच्छ दिसतं. तीन मिलिमीटरपेक्षा जाड भिंत म्हणजे काहीतरी गडबड, हेही पुढे रुळलं. पण आपल्याकडे याच काळात सोनोग्राफीचं यंत्र वेगळ्याच खटल्यात सापडलं होतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी चळवळ उभारली आणि १९८८मध्ये महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. पुढे कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना कादंबरीकार लक्ष्मीकांत देशमुख यांनी यंत्रांवर नजर ठेवणारी उपकरणं बसवून घेतली. त्यामुळे आतड्याची सोनोग्राफी करून घ्यायला आलेला साठीचा गृहस्थही 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली बसतो. कायदा हवाच होता. पण यंत्राची नोंदणी, जागेची नोंदणी, ते चालवणाऱ्या डॉक्टरची नोंदणी, यामुळे युरोपात पोटविकारतज्ज्ञ रोग्याच्या खाटेशी उभं राहून स्वतः आतडं पाहतात, तसं इथे सहज होत नाही. ही सोनोग्राफी रेडिऑलॉजिस्टच्या खोलीतच राहिली.

गिळायची कॅप्सूल २०००मध्ये आली. इस्रायलच्या गाव्रिएल इड्डान यांची ही कल्पना: २६ मिलिमीटर लांबीच्या गोळीत कॅमेरा, आठ तासांत पन्नास हजारांवर चित्रं. लहान आतड्याचा न पाहिलेला मुलूख शेवटी डोळ्यांना दिसला. पण आपल्या रोग्यांची आतडी टीबीने अरुंद झालेली असतात आणि तिथे ही महागडी गोळी अडकून बसते. मग ती काढायला शस्त्रक्रिया. म्हणून कॅप्सूल देण्याआधी वाट मोकळी आहे का हे पाहायचं, आणि त्यासाठी पुन्हा सीटी किंवा क्वचित तेच जुनं बेरियम.

इतकी यंत्रं आली, तरी त्या उजव्या कोपऱ्याचं कोडं पुरतं सुटलेलं नाही. तुकड्यात टीबीची ठळक खूण मिळाली तर प्रश्न मिटतो, पण ती थोड्याच रोग्यांत मिळते. जीनएक्स्पर्ट या टीबीच्या चाचणीला आतड्याच्या तुकड्यात जंतू अनेकदा सापडत नाही. मग डॉक्टर आजही एकेटी लावून पाहतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकायची. व्रण भरले असतील तर टीबी, औषध पूर्ण करायचं. नसतील भरले तर क्रोन्स. हा हिशोब जिथे वर्षानुवर्षं चालला, त्याच शहरात तो डळमळीतही झाला. वांद्र्याहून खाडीपलीकडे, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीचे रोगी नोंदवले. सरकारने 'टोटली ड्रग रेझिस्टंट' या नावावर हरकत घेतली, पण औषधरोधी टीबी मुंबईत आहे याबद्दल वाद नव्हता. आतड्याचा टीबीही औषधरोधी असू शकतो. तेव्हा न भरलेला व्रण पाहून लगेच क्रोन्स म्हणायचं आणि स्टिरॉइड सुरू करायचं धाडस आता सावध डॉक्टर करत नाही. दुसऱ्या दुर्बिणीच्या वेळी तो पुन्हा तुकडे घेतो आणि कल्चरला पाठवतो. नकारात्मक अहवालावर शिक्का बसायला प्रयोगशाळा सहा आठवडे मागते.